टाच उचलली जाते, मग शूज घ्यायचेच का?

पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत, नाशिकला इंदिरानगर भागात राहतात आणि माध्यमिक शाळेत शिकवतात. दहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हाडांच्या बळकटीसाठी वजनाचा व्यायाम सुचवला, म्हणून त्यांनी घराजवळची जिम लावली. आता ती त्यांना मनापासून आवडायला लागली आहे. रॉडसकट ४५ किलोचा स्क्वॉट (वजनाचा रॉड खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं) आणि ६० किलोची डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलून उभं राहणं) इथवर त्या पोहोचल्या आहेत. अडचण अशी, की स्क्वॉटमध्ये खाली गेल्यावर टाचा उचलल्या जातात, त्यातही उजवी जास्त, आणि अंग पुढे झुकतं. दुसऱ्या दिवशी शाळेचे जिने उतरताना उजवा गुडघा कधी कधी दुखतो. ट्रेनर म्हणतो, "मॅडम, लिफ्टिंग शूज घ्या, प्रश्न मिटेल." (म्हणजे वजन उचलण्यासाठीचे, कठीण सोलचे आणि उंच टाचेचे शूज.) पुण्यात इंजिनीअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, "आई, अनवाणी कर. शूज म्हणजे कुबड्या." जाऊबाईंच्या मते उंच टाचेनं गुडघे जातील. आवडलेल्या शूजची किंमत १४ हजार आहे. भिशीचे पैसे हातात आहेत, पण मुलाची फी समोर असताना "माझ्यासारख्या हौशी बाईला एवढे महागडे शूज शोभतात का?" असा त्यांचा प्रश्न आहे. सध्या त्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला घेतलेले जाड सोलचे रनिंग शूज घालूनच स्क्वॉट करतात. पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: चार वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडून उजवा घोटा मुरगळला होता, "पण आता काही त्रास नाही."

ताई,

तुमच्या पत्रात शूजची चर्चा पानभर आहे आणि घोट्याबद्दल एकच ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथून निघतील असं मला वाटतं.

घोटा मुरगळला की काही आठवड्यांत सूज उतरते, ठणका थांबतो, आपण चालू-फिरू लागतो आणि विषय संपला असं धरून चालतो. पण दुखणं थांबणं वेगळं आणि घोटा पूर्वीइतका वाकायला लागणं वेगळं. सपाट रस्त्यावर चालताना घोट्याला फार वाकावं लागत नाही, त्यामुळे उणीव जाणवत नाही. स्क्वॉटमध्ये खाली बसताना मात्र नडगी पावलावर बरीच पुढे झुकावी लागते. ती झुकली नाही तर शरीर दुसरीकडून वाट काढतं. टाच उचलली जाते, नाहीतर पाऊल आतल्या बाजूला कलंडतं आणि त्याबरोबर गुडघाही आत वळतो, नाहीतर सगळी पाठ पुढे पडते. तुमची जास्त उचलणारी टाच उजवी, दुखणारा गुडघा उजवा आणि मुरगळलेला घोटाही उजवाच. हा योगायोग असेलही, पण तपासल्याशिवाय तसं मानू नका.

तपासणी घरीच होते. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभ्या राहा. उजव्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर येईल असं पाऊल ठेवा, पट्टीनं मोजूनच ठेवा. आता टाच जमिनीला घट्ट टेकलेली राहील असं बघत गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा प्रयत्न करा. गुडघा आत पडू देऊ नका, तो पावलाच्या मधल्या बोटांच्या रेषेतच पुढे गेला पाहिजे. भिंतीला लागला, तर स्क्वॉटसाठी घोटा साधारणपणे पुरेसा वाकतो आहे. लागला नाही, तर पाऊल थोडं थोडं भिंतीजवळ सरकवत तो कुठे लागतो ते मोजा आणि वहीत लिहा. मग डाव्या पायाचं माप घ्या. दोन्हींत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघाला, तर उजवीच टाच का जास्त उचलते याचं मोठं कारण तुमच्या हाती आलं.

हे करताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या: अडतं तेव्हा नेमकं कुठे जाणवतं? मागे पोटरीत ताण येत असेल, तर स्नायू आखडलेले आहेत. रोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत ते सैल होतात. घोट्याच्या समोर, पाऊल आणि नडगी मिळतात तिथे, चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर पोटरी कितीही ताणली तरी फारसा फरक पडत नाही, कारण अडथळा सांध्यातच आहे. अशा वेळी शूजच्या आधी फिजिओथेरपिस्टकडे जा. १४ हजारांचे शूज घेण्याआधी एक-दोन भेटींची फी देणं हा त्या पैशाचा जास्त चांगला उपयोग आहे.

आपल्या घरातली एक जुनी परीक्षाही आहे, उकिडवं बसण्याची. आपल्या आज्या चुलीपुढे आणि धुण्याच्या दगडापाशी टाचा टेकवून तासन्तास उकिडव्या बसायच्या. आपण ओट्यापाशी उभ्या राहिलो, घरात कमोड आला आणि ती बैठक बऱ्याच जणींच्या अंगातून गेली. तुम्ही अनवाणी, टाचा पूर्ण टेकवून, मागे न पडता अर्धा मिनिट उकिडव्या बसू शकलात तर घोट्यांचा दोष जवळजवळ नाही असंच समजा. मग टाच का उचलते? जिममध्ये पाच-सात किलोचं डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून स्क्वॉट करून बघा. समोर धरलेल्या वजनामुळे तोल सावरतो आणि पाठ आपोआप सरळ राहते. त्यात तुम्ही टाचा टेकवून व्यवस्थित खाली गेलात आणि रॉड खांद्यावर आल्यावरच बिघडत असेल, तर प्रश्न पायांच्या अंतराचा आहे, पंजे किती बाहेर वळवलेत त्याचा आहे, पोट-पाठ घट्ट धरण्याचा आहे, किंवा ४५ किलो अजून थोडं जड आहे. यातलं काहीच शूजनं सुटत नाही. पायांतलं अंतर चार बोटं वाढवलं आणि पंजे थोडे जास्त बाहेर वळवले तरी काही जणींचा प्रश्न त्याच दिवशी निम्म्यावर येतो. ट्रेनरला समोर उभं न राहता बाजूनं बघायला सांगा. टाच बाजूनं दिसते.

टाच उचलली जाणं म्हणजे काहीतरी भयंकर चूक, असा सूर तुमच्या पत्रात आहे, तो जरा सैल करा. तालमीत बैठका मारणारा पैलवान खाली जाताना चवड्यावर येतो, टाचा उचलतो आणि त्याला कुणी चूक म्हणत नाही. तिथे तो ठरवून तसं करतो आणि खांद्यावर रॉड नसतो. तुमच्या बाबतीत वजन पाठीवर असताना, तुम्ही न ठरवता, एका बाजूला जास्त असं टाच सुटणं हे काळजीचं आहे, कारण त्या क्षणी तोल जातो आणि भार एका गुडघ्यावर सरकतो.

आता पायांत काय आहे त्याकडे येऊ. रनिंग शूज स्क्वॉटसाठी आजपासून बंद करा. नवे शूज घ्या किंवा घेऊ नका, हे मात्र कराच. त्यांचा सोल पाऊल आपटण्याचा धक्का शोषण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे तो दबला पाहिजे हाच त्याचा गुण. स्क्वॉटला नेमका तोच गुण नडतो. कापसाच्या गादीवर उभं राहून भरलेला हंडा उचलावा तसं ते होतं: पायाखालचं सतत हलतं आणि घोट्याचे, गुडघ्याचे स्नायू वजन उचलायचं सोडून तोल सांभाळण्यात दमतात. शिवाय फोम सगळीकडे सारखा दबत नाही. जुन्या शूजमध्ये तो आतल्या किंवा बाहेरच्या बाजूनं जास्त बसलेला असतो आणि गुडघा त्या बाजूला ओढला जातो. तुमचे शूज टेबलावर ठेवून मागून बघा, कलले असतील तर लगेच दिसेल.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे, ती तुमच्या मुलालाही सांगा. बऱ्याच रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा ८ ते १० मिलिमीटर उंच असतेच. म्हणजे तुम्ही दहा महिने उंच टाचेवरच स्क्वॉट करत आहात, फक्त ती टाच मऊ आहे. त्यामुळे मुलाचं ऐकून उद्या अनवाणी उभ्या राहिलात, तर टाच आजच्यापेक्षा जास्त उचलली जाण्याची शक्यता आहे. घाबरू नका. अनवाणी केल्यानं बिघडलं असा त्याचा अर्थ नाही, घोटा खरोखर किती वाकतो ते आता दिसतं आहे एवढंच. वजन कमी ठेवा आणि बघा. जिममध्ये अनवाणी चालत नसेल तर पातळ, सपाट रबरी सोलचे साधे कॅनव्हासचे शूज घाला.

मग प्रयोग. कुठल्याही फर्निचरवाल्याकडे १८ मिलिमीटरचा प्लाय असतो, कपाटं त्याचीच बनतात. त्याच्याकडून दोन फूट लांब आणि पाच इंच रुंद पट्टी कापून घ्या, जमलं तर १२ मिलिमीटरची दुसरीही. कडा घासून घ्या आणि खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा चिकटवा, म्हणजे पट्टी सरकणार नाही. बाजारातल्या लिफ्टिंग शूजची टाच चवड्यापेक्षा साधारण १५ ते २२ मिलिमीटर उंच असते. म्हणजे १४ हजारांच्या शूजचा मुख्य गुण या पट्टीत जवळजवळ तसाच आहे. सपाट शूज घालून पूर्ण टाच पट्टीवर आणि चवडा जमिनीवर असं उभं राहा. आधी नुसता रॉड, मग हळूहळू वजन. रॅकच्या, म्हणजे रॉड टेकवायच्या सांगाड्याच्या, आडव्या सुरक्षा पट्ट्या लावूनच करा. बऱ्याच जिममध्ये टाचेखाली छोट्या लोखंडी प्लेट ठेवतात. ते मला पटत नाही. त्या अरुंद असतात, सरकतात आणि टाचेचा काही भाग अधांतरी राहतो.

दोन-तीन आठवडे असं करा आणि मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून दर आठवड्याला एक व्हिडिओ घ्या. पट्टीवर पाठ सरळ राहिली, टाच चिकटून राहिली, खोलवर गेलात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा गप्प राहिला, तर शूजचा तुम्हाला खरा उपयोग आहे आणि ट्रेनर बरोबर आहे. १२ मिलिमीटरच्या पट्टीवरच सगळं जमलं, तर सगळ्यात उंच टाचेचे, सगळ्यात महाग शूज घ्यायची गरज नाही. पट्टीनं काहीच फरक पडला नाही, तर शूजनंही पडणार नाही. ते पैसे पुढच्या भिशीपर्यंत ठेवून द्या.

टाचेमुळे नेमकं होतं काय? टाच वर असली की नडगीला पुढे झुकायला जागा आधीच मिळालेली असते. गुडघा पुढे जाऊ शकतो, खुबा पायांच्या जवळ राहतो, त्यामुळे पाठ जास्त उभी राहते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त काम पडतं. सोल कठीण असल्यानं जमिनीला दिलेला जोर वाया जात नाही. पूर्वी या टाचा लाकडाच्या किंवा चामड्याच्या थरांच्या असत, आता बहुतेक कठीण प्लास्टिकच्या किंवा दाबून घट्ट केलेल्या फोमच्या असतात. मांडीचं हाड धडाच्या मानानं लांब असलेल्या माणसांना टाचेचा फायदा जास्त जाणवतो, कारण त्यांना मुळातच जास्त पुढे झुकावं लागतं.

जाऊबाईंची काळजी प्रेमापोटी आहे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर सँडलची टाच आहे. त्या टाचेत सगळा भार चवड्यावर येतो, आधार टोकाएवढा असतो आणि ती दिवसभर पायांत असते. लिफ्टिंग शूजची टाच दोन सेंटिमीटरची, तळाशी रुंद आणि अर्धा-पाऊण तास घालायची. तेवढ्यानं पोटरी आखडत नाही. मात्र त्यांच्या बोलण्यात एक खरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. गुडघा पुढे गेला की गुडघ्यावरचा भार वाढतो. 'गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये' हा जिममधला नियम त्याच भीतीतून आला. तो सरसकट पाळायची गरज नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला आपला गुडघा बोटांच्या पुढे जातो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात स्क्वॉट करणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून त्यांना अडवलं होतं. गुडघ्यावरचा भार थोडा कमी झाला, पण खुब्यावरचा कितीतरी पटींनी वाढला आणि अंग जास्त पुढे झुकलं. म्हणजे भार कुठेतरी जातोच. तुमच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच, की उंच टाचेवर पहिल्याच दिवशी ४५ किलो घ्यायचे नाहीत. गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा उभ्या उभ्या दगा देत असेल, तर हा सगळा मजकूर बाजूला ठेवा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलाच्या 'कुबड्या' या शब्दाबद्दल. त्याचं म्हणणं डेडलिफ्टला शंभर टक्के लागू आहे. तिथे पाय जमिनीच्या जितके जवळ तितकं बरं, कारण उंच सोलमुळे रॉड तेवढा जास्त वर न्यावा लागतो आणि उंच टाच तुम्हाला पुढे ढकलते. तुमची ६० किलोची डेडलिफ्ट सपाट शूजमध्ये किंवा जिम परवानगी देत असेल तर मोज्यांवर करा. पाठीवर रॉड जरा खाली धरून, खुबा मागे नेत स्क्वॉट करणाऱ्या पॉवरलिफ्टरांपैकीही बरेच जण सपाट शूज पसंत करतात. रॉड मानेखाली उंच धरला किंवा समोर खांद्यांवर धरून फ्रंट स्क्वॉट केला, तर टाचेचा उपयोग वाढतो. त्यामुळे तुमचा ट्रेनर रॉड कुठे ठेवायला शिकवतो आहे, हे आधी विचारा. उत्तर त्यावरही अवलंबून आहे. आणि कुबडी कशाला म्हणायचं? शूज घातल्यावर घोट्यावरचं काम सोडून दिलं, तर ती कुबडी. सराव सुरू करताना अनवाणी, वजनाशिवाय दहा-बारा उकिडव्या बैठका आणि भिंतीचा तोच व्यायाम चालू ठेवला, तर शूज हे फक्त साधन राहतं.

आता 'शोभतं का' बद्दल. ताई, हा प्रश्न तुम्ही शूजच्या किमतीबद्दल विचारला आहे, पण मला तो तुमच्याबद्दलचा वाटला. तुम्ही जिममधल्या स्वतःच्या जागेबद्दल अजून थोड्या साशंक आहात. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते २००० साली सिडनीला, आणि त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरींनी ६९ किलो गटात कांस्यपदक घेतलं. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तुम्ही तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर असाल. त्या वर्षी तुमच्या आजूबाजूच्या किती मुलींना कुणी रॉडला हात लावू दिला असता? आज तुम्ही इंदिरानगरच्या जिममध्ये पहाटे ६० किलो जमिनीवरून उचलता आहात. चांगलं साधन मिळण्यासाठी आधी काही सिद्ध करावं लागतं, असं कुणीही ठरवलेलं नाही. उलट ज्याचा घोटा नीट वाकत नाही अशा नवख्या माणसाला टाचेचा उपयोग अनुभवी माणसापेक्षा जास्त होऊ शकतो.

पण तेवढ्यावरून १४ हजार खर्चाच, असंही मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय की घरातून कुणीही नको म्हटलेलं नाही. मग परवानगी कुणाकडे मागता आहात? मुलाची फी आणि तुमचे शूज यांची तुलना कुणी मांडली, तर ती तुमच्या मनानंच मांडली आहे. घरी एकदा सरळ सांगा: भिशीचे एवढे आहेत, त्यातले एवढे मी माझ्या व्यायामासाठी ठेवते आहे, शूज, फिजिओ किंवा जिमची पुढची फी, जे लागेल ते. आकडा आधी ठरवा आणि वस्तू नंतर. म्हणजे प्रत्येक खरेदीला मनात नवं कोर्ट भरणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. आपल्या जिल्ह्यात मनमाडच्या मुला-मुलींनी वेटलिफ्टिंगमध्ये राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नाव काढलं आहे. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक घेतलं, तेव्हापासून व्यायामशाळांत पाठवा म्हणून हट्ट धरणारी मुलंही दिसतात. मूल स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे रॉड डोक्यावर नेण्याचे वेटलिफ्टिंगचे दोन प्रकार, शिकत असेल तर शूज ही हौस नाही, ते त्या खेळाचं साधनच आहे. रॉड डोक्यावर धरून पूर्ण खाली बसायचं तर पाठ उभी लागते आणि पायाखाली कठीण जमीन लागते. मात्र वाढत्या वयात पाय दर वर्षी मोठा होतो. व्यायामशाळेतल्या मोठ्या मुलांना लहान झालेले शूज मिळतात का ते आधी विचारा. चांगल्या सोलचे शूज अनेक वर्षं टिकतात. जुने घेताना टाच आणि वरचा भाग जिथे चिकटवलेले असतात तिथे अंगठ्यानं दाबून बघा, फट पडत असेल तर घेऊ नका. आणि आठवड्यातून दोनदा हलका व्यायाम करणाऱ्या, धावण्याची आवड असणाऱ्या वाचकांना माझं सांगणं एवढंच, की वजनाच्या व्यायामाला सपाट कॅनव्हासचे शूज पुरेसे आहेत. लिफ्टिंग शूज ट्रेडमिलवर, दोरीवरच्या उड्यांना किंवा लंजेसना (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा व्यायाम) चालत नाहीत. सोल वाकत नाही, पाय दुखावतो.

ताई, प्रयोगानंतर घ्यायचंच ठरलं तर पेठेत मिळाले नाहीत म्हणून चित्रं बघून मागवू नका, वर्णन वाचा. बाहेरून दिसणारी टाचेची उंची फसवी असते. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक किती, हे बघायचं. नायकेच्या रोमालिओसमध्ये तो २० मिलिमीटर आहे, रीबॉकच्या लेगसी लिफ्टरमध्ये २२, आदिदासच्या पॉवरलिफ्टमध्ये १५ च्या आसपास. १८ मिलिमीटरची पट्टी आवडली असेल तर २० चे शूज जमतील. १२ ची आवडली असेल तर १५ च्या पुढे जाऊ नका, आणि कमी उंचीचे शूज सहसा स्वस्तही असतात. भारतीय कंपन्यांचे शूज १४ हजारांच्या बऱ्याच खाली मिळतात. त्यांत काही चांगले आहेत, काही फक्त दिसायला तसे. टाचेवर अंगठा जोरात दाबा. दबली तर ते तुमच्या रनिंग शूजचंच भावंड आहे.

मापाच्या बाबतीत घाई नको. आयुष्यभर चपला वापरलेल्या आपल्या पायांचा चवडा बहुतेक वेळा रुंद असतो आणि हे शूज पुष्कळदा अरुंद साच्यावर बनलेले असतात. शिवाय बरेचसे पुरुषांच्या मापात किंवा दोघांसाठी एकच अशा मापात येतात, त्यामुळे तुमचा नेहमीचा नंबर डोळे झाकून सांगू नका. संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून थोडे फुगलेले असताना, जिमचे मोजे घालून कागदावर दोन्ही पावलं आखा आणि सेंटिमीटरमध्ये लांबी मोजा. मोठं असेल त्या पायाचं माप कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. बोटं आत पसरता आली पाहिजेत आणि टाच अजिबात सुटता कामा नये. वरचा पट्टा असतो तो पाऊल आत सरकू नये म्हणून, ढिले शूज घट्ट करण्यासाठी नाही.

शूज आल्यावर पहिले तीन आठवडे स्क्वॉटचं वजन पाव हिश्शानं कमी करा, म्हणजे तुमच्या हिशेबानं ३५ किलोच्या आत. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर नवं काम येणार आहे आणि उजव्या गुडघ्याला त्याची ओळख हळूहळू व्हायला हवी. स्क्वॉट झाला की शूज काढा, मग डेडलिफ्ट. ते घालून स्कूटीवरून जिमला जाऊ नका. सोलची पकड रस्त्यासाठी नसते आणि धूळ लागली की रबरी मॅटवर घसरतात. नाशिकच्या पावसाळ्यात ते बंद पिशवीत ठेवले तर चिकटवलेले जोड सैल पडतात. पंख्याखाली वाळू द्या, उन्हात किंवा गिझरजवळ नको.

आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका. घरातल्या फरशीवर स्वच्छ चादर अंथरून शूज घाला, पट्टा आवळा, वजनाशिवाय वीसेक स्क्वॉट करा आणि दहा मिनिटं तसंच उभं राहा. करंगळी सुन्न झाली किंवा पावलाची कमान दुखायला लागली, तर वापरून सैल होतील या आशेवर ठेवू नका. कठीण सोल सैल होत नाही. त्याच दिवशी परत पाठवा आणि अर्धा नंबर मोठा किंवा रुंद साच्याचा मागवा.